कोरियन मोटारींविषयी मालकांची मते आणि वितरकाची निवड : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेतेरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक असून त्यात सोळा तालुके आहेत. बाजारपेठेच्या दृष्टीने मात्र हा जिल्हा एकसंध नाही. उमरखेडचा ग्राहक नांदेडकडे, वणीचा चंद्रपूरकडे, नेर-दारव्ह्याचा अमरावतीकडे, तर पांढरकवड्याचा नागपूरकडे पाहतो. मोटारीच्या खरेदीतही हेच घडते. रात्री-बेरात्री रुग्णाला सावंगी मेघे किंवा नागपूर येथे हलवावे लागते, त्या वेळी घरची मोटार हीच रुग्णवाहिका ठरते. अशा ठिकाणी एखादा सुटा भाग मिळत नाही म्हणून गाडी पंधरा दिवस वर्कशॉपमध्ये उभी राहणे ही केवळ गैरसोय नसते. प्रस्तुत लेखात कोरियन मोटारींविषयीच्या मालकमतांचा अर्थ कसा लावावा आणि वितरक, म्हणजेच बोलीभाषेतील डीलर, कसा पारखावा याचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी

भारतात प्रथम आलेली कोरियन मोटार ह्युंदाईची नव्हे, तर देवू कंपनीची सिएलो होय. ती १९९५ मध्ये आली. १९९८ मध्ये देवूची मॅटिझ आणि ह्युंदाईची सँट्रो या दोन लहान मोटारी एकाच वर्षी बाजारात उतरल्या. दोन्ही चालविण्यास सुलभ होत्या व दोहोंचे कौतुक झाले. परंतु २००० मध्ये देवू मोटर्स दिवाळखोरीत निघाली. तिचा मोठा हिस्सा २००२ मध्ये जनरल मोटर्सने घेतला, पण नोएडाजवळील सूरजपूरचा कारखाना त्या व्यवहाराबाहेर राहिला. मॅटिझचे मालक एका चांगल्या, पण निराधार झालेल्या मोटारीचे धनी उरले.

पुढे हीच मॅटिझ, सुधारित रूपात, २००७ मध्ये शेव्हर्ले स्पार्क या नावाने भारतात परतली. चिन्ह अमेरिकन होते, जडणघडण कोरियन. जनरल मोटर्सनेही २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबविली. एकाच वंशातील मोटारींच्या मालकांवर दोनदा ही वेळ आली. गंमत अशी, की त्याच कंपनीचा पुण्याजवळील तळेगावचा कारखाना ह्युंदाईने विकत घेतला आणि २०२५ मध्ये तेथून व्हेन्यूचे उत्पादन सुरू झाले.

ह्युंदाई टिकली आणि वाढली. २०१९ मध्ये किया कंपनीने सेल्टोससह प्रवेश केला. ह्युंदाई व किया हे एकाच समूहाचे घटक असून क्रेटा व सेल्टोस किंवा व्हेन्यू व सोनेट या जोड्यांमध्ये इंजिन व मूळ सांगाडा यांचे बरेच साम्य आहे. त्यामुळे एकीवर हात बसलेल्या खासगी मिस्त्रीला दुसरी फारशी परकी वाटत नाही. वॉरंटी मात्र ज्या त्या कंपनीची आणि ज्या त्या अधिकृत वर्कशॉपपुरती असते.

मालकमतांचे वाचन

कोरियन मोटारींच्या मालकांच्या बोलण्यात काही गोष्टी वारंवार येतात. हलके स्टिअरिंग, चांगला एसी, आतील सजावट व सोयी यांची स्तुती होते. सुट्या भागांच्या किमती, खराब रस्त्यांवर येणारे सस्पेन्शनचे आवाज आणि ‘पत्रा पातळ’ असल्याचा समज यांबद्दल नाराजी असते. या मतांचे वजन करताना ते कोणत्या काळातील आहे हे आधी पाहावे. सहा महिन्यांच्या मालकाचे मत हे बहुधा स्वतःच्या निवडीचे समर्थन असते. वॉरंटी संपलेल्या मालकाचे मत अधिक मोलाचे असते, कारण तोवर त्याने बिले भरलेली असतात.

‘पत्र्या’विषयीचे मत तपासून घेतले पाहिजे. अपघातातील सुरक्षितता पत्र्याच्या जाडीवर नव्हे, तर सांगाड्याची रचना, सीटबेल्ट व एअरबॅग यांवर अवलंबून असते. ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत २०१४ मध्ये एअरबॅग नसलेल्या आय-१० मोटारीला शून्य तारे मिळाले. २०२० मध्ये सेल्टोसला व २०२२ मध्ये क्रेटाला तीन, तर २०२३ मध्ये व्हर्नाला पाच तारे मिळाले. म्हणजे ‘कोरियन गाडी’ असे सरसकट विधान दोन्ही बाजूंनी निरर्थक आहे. प्रश्न मॉडेलचा आणि वर्षाचा आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे कंपनीविषयीची म्हणून सांगितली जाणारी पुष्कळशी तक्रार वस्तुतः डीलरविषयीची असते. सर्व्हिसिंगनंतर गाडी एका बाजूला ओढते, न सांगता केलेल्या कामाचे बिल लागते, भाग ‘मागविला आहे’ असे तीन आठवडे ऐकावे लागते. यांपैकी एकाही गोष्टीचा कोरियाशी संबंध नाही.

चिन्ह कंपनीचे, व्यवहार डीलरशी

हा भेद कायद्यानेही मानला आहे. गोव्यातील एका ग्राहकाने २०११ मध्ये नव्या मोटारीची किंमत मोजली. हाती आली ती २००९ सालची, आधी चाललेली मोटार. गाडी कोरियन नव्हती, पण सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या प्रकरणी सांगितलेले तत्त्व सर्वांना लागू आहे. कंपनी व डीलर यांच्यातील नाते मालक-मुनीमाचे नसून दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असेल, तर डीलरच्या कृत्याची माहिती कंपनीस होती असे दाखविल्याविना त्याबद्दल तिला जबाबदार धरता येत नाही. याउलट, अपघातात क्रेटाच्या एअरबॅग न उघडल्याच्या प्रकरणात २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ह्युंदाईविरुद्धचा भरपाईचा व मोटार बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. वेग व आघाताचे गणित ग्राहकाने मांडावे अशी अपेक्षा करता येत नाही, हे त्यातील मर्म. घडणीतील दोषाला कंपनी उत्तरदायी, विक्रीतील लबाडीला प्रथमतः डीलर. म्हणूनच डीलरची निवड ही मोटारीच्या निवडीइतकीच गंभीर बाब आहे.

डीलर कसा पारखावा

शोरूमआधी वर्कशॉप पाहावे. सकाळी दहाच्या सुमारास तेथे अर्धा तास उभे राहिले तरी पुष्कळ कळते : किती गाड्या केवळ भागांसाठी थांबल्या आहेत, जॉब कार्ड ग्राहकासमोर भरले जाते की नाही, बदललेले जुने भाग परत दाखविले जातात का. जिल्ह्याच्या ठिकाणी विक्रीकेंद्र असणे आणि संपूर्ण वर्कशॉप असणे या भिन्न गोष्टी आहेत. विशेषतः अपघातग्रस्त गाडीची पत्रेकाम-रंगकामाची सोय कोठे आहे हे स्पष्ट विचारावे. ती नागपुरात असल्यास यवतमाळहून सुमारे दीडशे किलोमीटर गाडी ओढून न्यावी लागेल. या बाबतीत ट्रॅव्हल्सच्या चालकांचा सल्ला सर्वांत भरवशाचा. गाडी उभी राहिली की त्यांची रोजी बुडते, त्यामुळे ते भिडेखातर बोलत नाहीत.

मोठ्या शहरातील डीलर सवलत अधिक देतो, हे खरे. वॉरंटी देशभरातील अधिकृत वर्कशॉपमध्ये चालत असल्याने तेथे खरेदी करण्यात नियमाची अडचणही नाही. तथापि विक्रीच्या वेळच्या त्रुटी, राहिलेली कागदपत्रे, कबूल केलेल्या पण न बसविलेल्या वस्तू यांसाठी मूळ विक्रेत्याकडेच जावे लागते. सवलतीतील फरक थोडा असेल तर तो दोन-तीन फेऱ्यांतच संपतो. जेथे सर्व्हिसिंग करावयाचे तेथेच खरेदी करणे सामान्यतः शहाणपणाचे.

ऑन-रोड किंमत फोड करून लेखी घ्यावी. डीलरनेच सुचविलेला विमा घेण्याची सक्ती नसते. नव्या मोटारीस तीन वर्षांचा तृतीयपक्ष विमा अनिवार्य आहे, पण तो कोणाकडून घ्यावा हे ग्राहकाने ठरवावयाचे असते. ‘हँडलिंग’ या नावाखालील रकमेचा आधार विचारावा. पूर्ण रक्कम देण्यापूर्वी प्रत्यक्ष मिळणाऱ्या गाडीचा सतरा अक्षरी चेसिस क्रमांक मागावा. त्यावरून निर्मितीचे वर्ष ताडता येते. गोव्यातील तो ग्राहक याच टप्प्यावर फसला होता. विक्रीचा नमुना २१ व रस्तायोग्यतेचा नमुना २२ यांवरील क्रमांक गाडीवरील क्रमांकाशी जुळवून मगच पासिंगला संमती द्यावी.

वाद झालाच, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहकाला स्वतःच्या निवासाच्या किंवा कामाच्या ठिकाणच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. डीलर नागपूरचा असला तरी यवतमाळचा ग्राहक यवतमाळच्या आयोगात दाद मागू शकतो. त्यासाठी मुदत दोन वर्षांची आहे. कंपनी व डीलर या दोघांनाही प्रतिपक्ष करावे आणि प्रत्येकाविरुद्धचा आक्षेप स्वतंत्रपणे मांडावा. तक्रारीसोबत जॉब कार्ड, बिले आणि डीलरला पाठविलेल्या लेखी पत्राची पोच जोडावी; वर्कशॉपच्या काउंटरवर तोंडी दिलेली आश्वासने आयोगापुढे सिद्ध करणे फार कठीण जाते.