सिग्नलला गाडी बंद पडते, दोष किटचाच का?

सीएनजी किट बसवलेली गाडी सिग्नलला थरथरायला लागली, गिअर काढला की बंद पडायला लागली, की मालक एकच निदान करून येतो: "किट गेलंय, बदलून टाका." चिंचवडच्या माझ्या गॅरेजमध्ये हे रोजचं आहे. माझं म्हणणं इतकंच, की किटला हात लावण्याआधी हवा आणि ठिणगी तपासा. किट बदलायचे पैसे बहुतेकदा तिथेच वाचतात.

पेट्रोलच्या मानाने गॅस पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो आणि गॅसवर मिसिंग मारतो. मिश्रणाचंही तसंच. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, सीएनजीला 17 किलोच्या आसपास. त्यात स्लोवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, इंजिन अगदी थोड्या हवेवर चालत असतं. अशा वेळी एखाद्या पाइपातून चोरून शिरणारी हवाही सगळं गणित बिघडवते. रेस दिली की तीच गळती लपते, म्हणून हायवेला गाडी झकास पळते आणि चौकात मान टाकते.

मागे एक काका त्यांची जुनी हॅचबॅक घेऊन आले. आधीच्या मिस्त्रीने स्लोचा स्क्रू पिळून ठेवला होता. गाडी बंद पडत नव्हती, पण उगाच गुरगुरत होती. स्क्रू पूर्वीच्या जागी आणला तशी थरथर परतली. मग व्हॅक्यूमचे पाइप एकेक करून पकडीने हलकेच दाबत गेलो. गॅसचा दाब उतरवणाऱ्या रेड्युसरकडे जाणारा बारका पाइप दाबला आणि इंजिन एकदम शांत झालं. पाइप वरून धडधाकट दिसत होता. वाकवून पाहिला तेव्हा क्लिपच्या अगदी कडेला चीर उघडली. प्लग काढले, तर गॅप 1.1 मिलिमीटरच्याही पुढे गेलेला. नवे प्लग 0.8 वर लावले, पाइप बदलला. किटला काहीही झालेलं नव्हतं.

प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं. सगळ्यात आधी तापलेलं इंजिन पेट्रोलवर उभं करून बघावं. तिथेही थरथर असेल तर गॅसला दोष देऊ नका. थ्रॉटल बॉडीतला कार्बन, कॉइल, कॉम्प्रेशन बघायला सांगा. गॅस कोरडा असतो, त्यामुळे काही इंजिनांत व्हॉल्व्हच्या सीट लवकर झिजतात आणि टॅपेट घट्ट होतात. हा दोष गरम इंजिनात स्लोवरच जास्त जाणवतो.

तक्रार फक्त गॅसवर असेल तर एअर फिल्टर, प्लग, व्हॅक्यूमचे पाइप आणि गॅसचा फिल्टर आधी. पंपावरच्या कॉम्प्रेसरचं तेल थोडंफार गॅसबरोबर येतं आणि फिल्टरमध्ये, रेड्युसरच्या तळाशी साचतं. टाकीतला 200 बारचा दाब रेड्युसरमध्ये उतरतो तेव्हा गॅस खूप थंड होतो. म्हणून तिथून इंजिनाचं गरम पाणी फिरवलेलं असतं. कूलंट कमी असेल तर रेड्युसर गारठतो आणि स्लो डळमळते. दोष मात्र किटच्या माथी येतो.

लॅपटॉप लावून ट्यूनिंग हे शेवटचं काम. हवेची गळती तशीच ठेवून केलेलं ट्यूनिंग म्हणजे ताप उतरवायची गोळी, आजार आत तसाच. आणि मीटरवरचा आकडा वाढवून "झालं बघा" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

बोनेटमधून गॅसचा वास येत असेल तर स्लोची चर्चा बाजूला ठेवा. इंजिन बंद करा, टाकीचा हातव्हॉल्व्ह बंद करा आणि गाडी चालवत नेऊ नका, मिस्त्रीला जागेवर बोलवा. टाकीची हायड्रो टेस्ट दर 3 वर्षांनी करायची असते, तीही तारीख बघून घ्या.

बाकी तक्रारीसाठी गॅरेजला येताना तीन गोष्टी बघून या: गाडी थंड असताना थरथरते की तापल्यावर, पेट्रोलवरही थरथरते का, आणि एसी लावल्यावर काय होतं. एवढं सांगितलंत तर मिस्त्रीचा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही.