देवावर प्रीती आणि वेशीबाहेरचा शेजारी

दलित चळवळीत वावरणाऱ्या ख्रिस्ती माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला देवाच्या जोखडातून माणूस मोकळा केला. मग तुम्ही अजून देव देव का करता? परभणी जिल्ह्यात मास्तरकी करताना हा प्रश्न मला बौद्ध मित्रांनी विचारला आहे, माझ्या विद्यार्थ्यांनी विचारला आहे. विचारणारे शत्रू नाहीत. म्हणूनच त्याचे उत्तर प्रवचनाच्या भाषेत देऊन चालत नाही.

प्रथम 'प्रयोजन' हा शब्द घेऊ. आपली गावगाड्याची व्यवस्था प्रयोजनशून्य नव्हती. उलट तिने प्रत्येकाला जन्मतःच प्रयोजन बहाल केले होते. महाराने मेलेले ढोर ओढायचे, सांगावा पोचवायचा, येसकरकी करायची. मांगाने दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या, हलगी वाजवायची. निजामी अमलात त्यावर वेठबिगारीची भर पडली. म्हणजे आमच्या आजा-पणजाला 'तू कशासाठी जगतोस' हा प्रश्न पडूच नये अशी तजवीज होती. उत्तर पाटलाच्या ओट्यावर तयार होते. ज्या दिवशी या माणसाला कोणी सांगितले की तुला गावाने नव्हे, देवाने निर्माण केले आहे आणि तुझ्याकडून काय हवे ते तोच सांगेल, त्या दिवशी ओट्यावरचे उत्तर खोटे ठरले. ख्रिस्ती लोक ज्याला 'पाचारण' म्हणतात त्याचा दलितांपुरता अर्थ माझ्या मते एवढाच आहे, आणि तो लहान नाही. माझी किंमत गावाने ठरविली नसेल तर गावाला ती काढूनही घेता येत नाही. बुद्धाने माणसाला केंद्रस्थानी आणून हेच साधले. वाट वेगळी, पण सुटका त्याच वेशीतून आहे.

हा प्रश्न मिशनरींनी आमच्या तोंडी घातला असे जे म्हणतात, त्यांनी मुक्ता साळवे हिचा निबंध वाचावा. जोतीराव फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी ही मांगाची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचे पत्र, १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेले. वेद ब्राह्मणांचे, तर मग आमचा धर्म कोणता, हे तिने थेट देवालाच विचारले. बाप्तिस्मा घेण्यासाठी तिने ते लिहिले नव्हते. देवाशी बोलताना मान खाली घालायची नाही, ही रीत त्या चौदा वर्षांच्या मुलीने घालून दिली. देवावरची प्रीती म्हणजे हांजी-हांजी नव्हे, हे मी तिच्याकडून शिकलो.

आणि आपल्या जिल्ह्यातलीच जनाबाई! गंगाखेडच्या शूद्र आईबापांची ही लेक नामदेवाच्या घरी दासी होती. तिचा विठ्ठल तिच्याबरोबर दळण दळतो, शेणी वेचतो. राबणाऱ्या बाईने देवाला आपल्या जात्यापाशी आणून बसविले. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा संतांची ही शिदोरी त्यांनी टाकून दिली नाही. अभंग लिहितच त्यांनी ख्रिस्त गायिला, आणि अखेरच्या काळात, १९१७ साली, 'देवाचा दरबार' उभारताना बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली. टिळक जन्माने ब्राह्मण होते, त्यांचे दुःख आमचे नव्हते, हेही म्हटले पाहिजे. तरीही मराठी उपासनेत आज आम्ही जे गातो त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण भक्तीने वेस ओलांडता येत नाही, हा चोखोबाचा अनुभव आपल्यापुढे आहे. पायरीशी थांबविलेल्या भक्ताची भक्ती कमी पडली नव्हती. कमी पडली ती व्यवस्था.

येशूला एका शास्त्रपंडिताने विचारले, की सर्वांत मोठी आज्ञा कोणती. त्याने मोशेच्या शास्त्रातल्याच दोन आज्ञा एकत्र बांधल्या: देवावर पूर्ण जिवाने प्रीती करणे आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. दुसरी पहिलीसारखीच आहे, हे त्याचे म्हणणे. 'शेजारी कोण' असे विचारणाऱ्याला त्याने जी गोष्ट सांगितली, ती आमच्या उपासनेत फार गुळगुळीत करून सांगतात. यरुशलेमहून यरीहोला जाणारा माणूस लुटला गेला, अर्धमेला पडला. याजक बाजूने गेला, लेवी बाजूने गेला. थांबला तो शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्याच्याशी व्यवहार ठेवत नसत तो. गोष्ट ऐकणाऱ्यांना ती झोंबली असणार. मंदिराची सेवा करणारे देवप्रीतीत नापास झाले आणि बाटलेला समजला जाणारा पास झाला.

आता ही गोष्ट परभणीच्या रस्त्यावर ठेवून पाहा. १९७२ साली याच जिल्ह्यात ब्राह्मणगावात दोन दलित स्त्रियांना विवस्त्र करून त्यांची धिंड काढली गेली. त्या वर्षी दलित पँथर जन्माला आली, त्यामागे जे संताप होते त्यांत हा एक. १९७८ च्या जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी शहरात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढच्या धरपकडीत पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. यांतला कोणी ख्रिस्ती होता का, हा प्रश्न त्या दृष्टांतापुढे उभाच राहू शकत नाही. त्या जखमी माणसाचा धर्म येशूने सांगितलेलाच नाही.

बाबासाहेबांचा आमच्यावरचा आक्षेप नेमका इथे होता. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती लोकांपुढे बोलताना त्यांनी ख्रिस्ताविषयी आदर व्यक्त केला, आणि त्याच भाषणात विचारले, की सामाजिक अन्यायाविरुद्ध तुमचा समाज का लढत नाही? अस्पृश्याला ख्रिस्ती केले की मिशनरींना कर्तव्य संपले असे वाटते, त्याच्या राजकीय हक्कांकडे ते पाहत नाहीत, ही त्यांची तक्रार होती. ती खोडून काढावी असे माझ्याकडे फार काही नाही. शिवाय जात देवळाच्या दाराशी चपलांबरोबर काढून ठेवली जात नाही. प्रभुभोजनाच्या एका प्याल्याला महारकीतून आलेले आणि मांगकीतून आलेले ओठ लागतात, ही क्रांतीच आहे. पण सोयरिकीची बोलणी सुरू झाली की 'मूळचे कोण' ही विचारणा येतेच. अरविंद निर्मल या मराठी धर्मपंडिताने १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात या प्रश्नाला तोंड फोडले. भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतन ब्राह्मणी तत्त्वज्ञानाभोवती घुटमळत राहिले, देवळात बसणाऱ्या बहुसंख्यांचे दुःख त्यात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. 'दलित थिऑलॉजी' म्हणतात तिची सुरुवात येथून धरतात. सेवा करणारा देव हा त्यांच्या विचाराचा गाभा. झाडू मारणाऱ्याच्या बाजूचा देव.

आता कागदाविषयी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. मद्रासला रस्त्याच्या कडेला जोडे शिवणाऱ्या सुसई नावाच्या चर्मकाराला सरकारी टपरी मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती होता. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला सांगितले, की धर्मांतरानंतरही जात उरते एवढे दाखवून भागत नाही, नव्या धर्मातही तेवढेच जाचक अपंगत्व आहे हे सिद्ध करा. जोडे शिवणारे हात तेच, रस्ता तोच! २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढावी असे सुचविले. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला गेला. या अटीचा परिणाम नोकरीपुरता नाही. जातीवरून मार खाल्लेला ख्रिस्ती माणूस १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली फिर्याद करू शकत नाही. मारणाऱ्याला मात्र त्याचा बाप्तिस्मा दिसत नाही.

म्हणून कितीतरी घरांत कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा दाखल्याच्या मागणीला संविधानाची फसवणूक म्हटले. काही पाळकही अशा घरांना भित्रे म्हणतात. मी म्हणत नाही. देवावर प्रीती करणाऱ्याने खरे बोलावे हे बरोबर. परंतु खरे बोलण्याची किंमत एकट्या शेतमजुराच्या लेकीने फी भरून चुकवावी, हा कोणता न्याय? खोटे आधी त्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. तो म्हणतो की ख्रिस्ती झाल्यावर माणूस अस्पृश्य राहत नाही.

माझ्या बौद्ध मित्रांना माझे म्हणणे असे, की तुम्ही देव मानू नका, त्यावर माझा हट्ट नाही. १९९० पूर्वी चौतीस वर्षे केंद्राच्या सवलतींबाबत तुम्ही याच अटीचे चटके सोसले आहेत, तेव्हा ती अट काढण्याच्या मागणीवर आमच्यासोबत सही करा. आणि माझ्या ख्रिस्ती भावाबहिणींना म्हणणे असे, की पुढचा मोर्चा भीमनगरातून निघेल तेव्हा त्या दिवशीची प्रार्थनासभा तासभर पुढे ढकला.