छोट्या संगणकावर लिनक्स : ग्रंथांची पारख

आपल्या पेढ्यांवरील हिशेब आता संगणकावर चालतात. परंतु ते यंत्र आतून कसे चालते, हे जाणणारा घरचा मनुष्य विरळाच. किरकोळ बिघाडासाठीही बाहेरच्या कारागिराची वाट पाहत दिवस दवडावा लागतो. घरातील तरुणांनी ही विद्या हस्तगत करावी, यास्तव हा अल्प लेखप्रपंच.

अभ्यासासाठी पेढीचा संगणक मुळीच वापरू नये. केंब्रिज येथे निर्माण होऊन २०१२ साली विक्रीस आलेला ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा संगणक त्यास योग्य. काही बिघडले तर त्यातील स्मृतिपत्रिका, म्हणजे मेमरी कार्ड, पुन्हा कोरे करून नव्याने आरंभ करता येतो. त्यावर चालते ती लिनक्स प्रणाली. तिचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली रचण्यास घेतला. ती विनामूल्य मिळते.

आता ग्रंथ कोणते घ्यावेत? आपल्या धंद्यातीलच दाखला देतो. तांदूळ जुना झाला की भात मोकळा होतो. बाजरीचे पीठ मात्र थोड्याच दिवसांत कडू होते. ग्रंथांचेही तसेच आहे. विल्यम शॉट्स यांचा ‘द लिनक्स कमांड लाइन’ हा आज्ञा टंकून काम कसे करावे ते शिकविणारा ग्रंथ जुन्या तांदळासारखा आहे. त्याची संगणकीय प्रत ग्रंथकारानेच विनामूल्य ठेविली आहे. त्यानंतर ब्रायन वॉर्ड यांचा ‘हाऊ लिनक्स वर्क्स’ वाचावा; त्याची तिसरी आवृत्ती २०२१ची आहे. दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत, म्हणून घरातील दोघांनी मिळून वाचल्यास सुलभ जाईल.

विशिष्ट यंत्राच्या जोडणीची पुस्तके मात्र पिठासारखी. त्यांचे प्रकाशनवर्ष पाहिल्यावाचून दाम मोजू नयेत. जुन्या पुस्तकांत ‘पाय’ या ठरीव नावाने प्रवेश करण्यास सांगितलेले असते. ते तयार नाव एप्रिल २०२२ मध्ये काढून टाकण्यात आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये जाळ्याशी, म्हणजे नेटवर्कशी, जोडण्याची व्यवस्थाही बदलली. हे ठाऊक नसलेला नवशिका यंत्रालाच दोष देतो आणि अभ्यास सोडून बसतो.

एक ग्रंथ तर बहुधा यंत्राच्या पोटातच असतो. ‘मॅन’ ही आज्ञा देऊन पुढे दुसऱ्या आज्ञेचे नाव टंकिले, की तिची माहिती पडद्यावर येते, आणि ती त्याच यंत्रातील प्रणालीशी जुळणारी असते.

तेव्हा पुस्तकांची थप्पी रचण्यापेक्षा एकच ग्रंथ घ्यावा, रोज दोन पाने वाचावीत आणि वाचलेले लगेच करून पाहावे. धान्याची पारख नमुना हाती घेतल्याने येते. या विद्येचेही तेच आहे.