चार मतांचे राज्य

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात न्यू हॅम्पशायर नावाचे एक चिमुकले राज्य आहे. 2020 च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या पावणेचौदा लाखांच्या आसपास भरली. म्हणजे पुणे शहराच्या निम्मीही नव्हे. अध्यक्ष निवडणाऱ्या 538 निर्वाचकांपैकी त्याच्या वाट्याला अवघे चार येतात. असे राज्य महासत्तेचे भवितव्य काय ठरविणार, असे कोणासही वाटेल. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

2000 च्या निवडणुकीत फ्लॉरिडातील 537 मतांची कथा जगभर गाजली. परंतु न्यू हॅम्पशायरमध्येही जॉर्ज बुश यांनी अल गोर यांच्यावर केवळ 7,211 मतांनी मात केली होती. बहुमतास 270 निर्वाचक हवे होते. बुश यांना 271 मिळाले. हे चार गोर यांच्या पारड्यात पडते, तर फ्लॉरिडा गमावूनही तेच अध्यक्ष झाले असते. आणि देशभरच्या मतांत तर गोर पाच लाखांहून अधिक मतांनी पुढे होते!

या विसंगतीचे मूळ 1787 च्या घटनेत आहे. प्रतिनिधिगृहातील जागा अधिक सिनेटच्या दोन, इतके निर्वाचक प्रत्येक राज्यास मिळतात. परिणामी वायोमिंगमध्ये सुमारे 1 लाख 92 हजार लोकांमागे एक निर्वाचक, तर कॅलिफोर्नियात 7 लाख 32 हजारांमागे एक. शिवाय मेन व नेब्रास्का वगळता सर्वत्र जिंकणाऱ्यास राज्यातील सगळी मते मिळतात. हरणाऱ्याची लक्षावधी मते हिशेबातच येत नाहीत.

आपल्या घटनाकारांनी 55 व्या कलमाने निराळी वाट धरली. 2022 च्या राष्ट्रपतिनिवडणुकीत महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य 175, गोव्याच्या 20, तर सिक्कीमच्या 7 होते. तथापि हा हिशेब 1971 च्या शिरगणतीवरच थांबलेला असल्याने आपणही फुशारकी मारण्याचे कारण नाही.

लहान राज्यांचा आवाज दडपला जाऊ नये, हे आम्हांस मान्य आहे. पण त्यासाठी सिनेट आहे. तेथे वायोमिंग व कॅलिफोर्निया यांना सारख्याच दोन जागा आहेत. अध्यक्ष हा राज्यांचा नव्हे, साऱ्या जनतेचा असतो. थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती 1969 मध्ये प्रतिनिधिगृहाने प्रचंड बहुमताने संमत केली. 1970 मध्ये ती सिनेटमध्ये अडली. तशी दुरुस्ती होण्यास आज 38 राज्यांची संमती लागेल, म्हणजे लहान राज्यांनीच आपले झुकते माप सोडावयास हवे. ते अवघड आहे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या लोकशाहीत मताचे वजन मतदाराच्या पत्त्यावरून ठरते, तिला समतेचा धडा इतरांस देण्यापूर्वी स्वतः गिरवावा लागेल.