इंजिन उतरवलंच आहे, तर कॅमशाफ्ट बदलावा का?

मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. पण कुर्ल्याला तयार झालेली ही गाडी, म्हणजे मूळची फियाट 1100, अनेक घरांत आजही जिवापाड जपलेली दिसते. 1089 सीसीचं इंजिन आणि सुमारे 40 अश्वशक्ती. कधीतरी ते धूर ओकू लागतं आणि मिस्त्री म्हणतो, “साहेब, इंजिन उतरवावं लागेल.” मग एखादा हौशी मित्र सुचवतो, “एवढा खर्च करताच आहात, तर जोरदार कॅमशाफ्ट टाकून घ्या!”

हा सल्ला मानावा का? त्यासाठी कॅमशाफ्टचं काम समजून घेऊ. हा उंचवटे असलेला दांडा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत त्याची एक फेरी होते. उंचवटा टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्ह किती उघडायचा आणि किती वेळ उघडा राहायचा, हे त्या उंचवट्याच्या आकारावर ठरतं.

‘जोरदार’ कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवतो. इंजिन वेगात फिरत असताना आत येणाऱ्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला गती असते. त्यामुळे पिस्टन वर निघाला तरी मिश्रण आत शिरत राहतं आणि ताकद वाढते. इंजिन हळू फिरत असताना मात्र ही गती नसते. मग वर येणारा पिस्टन थोडं मिश्रण उलट बाहेर लोटतो. म्हणजे वरच्या वेगात मिळवलेलं खालच्या वेगात गमवावं लागतं. सिग्नलला गाडी थरथरते, बंद पडते, चढावर गिअर उतरवावा लागतो. शिवाय न जळलेलं पेट्रोल धुरावाटे जातं, आणि पीयूसीची तपासणी तर इंजिन स्लोवर ठेवूनच होते.

बरं, कॅमशाफ्ट एकटा येत नाही. वाढलेली हवा पुरवायला कार्ब्युरेटर आणि धूर बाहेर टाकायला सायलेन्सरचा पाइप त्या तोलाचा हवा. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक लागतात. पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळणार नाहीत ना, हेही मोजून पाहावं लागतं. म्हणून हा निर्णय इंजिन बांधण्यापूर्वी घ्यायचा, बांधून झाल्यावर नाही.

रॅलीत गाडी पळवायची असेल आणि हा सगळा संच बदलायची तयारी असेल, तर जरूर बदला. रविवारी सकाळी कुटुंबाला घेऊन फेरफटका मारायचा असेल, तर कंपनीच्याच मापाचा कॅमशाफ्ट उत्तम. तो शहरातल्या संथ वाहतुकीलाही मानवतो.

मात्र ‘मूळ मापाचा’ म्हणजे ‘जुनाच, न तपासता’ असं नव्हे. प्रत्येक उंचवटा मायक्रोमीटरने मोजून घ्या. एखादा झिजलेला किंवा खवले पडलेला असेल तर कॅमशाफ्ट बदला. झिजेचा लोखंडी कीस तेलातून नव्या बेअरिंगपर्यंत पोचला, तर केलेला सारा खर्च वाया जातो. जुना कॅमशाफ्ट ठेवणार असाल, तर प्रत्येक टॅपेटवर क्रमांक घालून तो आपल्याच जागी परत बसवायला सांगा. कॅमशाफ्ट नवा असेल तर टॅपेटही नवेच घ्या.

इंजिन पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा ते स्लोवर ठेवू नका. क्रँक वेगाने फिरला तरच उडणारं तेल कॅमशाफ्टला पुरेसं मिळतं. वीसेक मिनिटं साधारण 2000 फेऱ्यांवर चालवा. तेलही जस्तयुक्त, जुन्या इंजिनांसाठी बनवलेलं घ्या. आजच्या बऱ्याच तेलांत जस्ताचं प्रमाण पूर्वीपेक्षा कमी असतं.

तेव्हा मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी एकच प्रश्न स्वतःला विचारा: ही गाडी मी कुठे आणि कशी चालवणार? कॅमशाफ्ट कोणता, हे त्याच्या उत्तरावरूनच ठरवा.