बंबाचा खर्च कोणी उचलायचा?

सप्टेंबर २०१०च्या अखेरीस अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, ओबायन काउंटीतल्या एका ग्रामीण घराला आग लागली. घरच्यांनी मदतीसाठी फोन केला. जवळच्या साउथ फुल्टन शहराच्या अग्निशमन दलाने येण्यास नकार दिला, कारण या कुटुंबाने त्या वर्षीची ७५ डॉलरची वर्गणी भरली नव्हती. लागतील तेवढे पैसे देतो, असे मालकाने फोनवर सांगूनही उपयोग झाला नाही. बंब आला तो आग शेजाऱ्याच्या हद्दीत शिरल्यावर, कारण शेजाऱ्याने वर्गणी भरलेली होती. जवानांनी त्याची जागा वाचवली आणि पलीकडचे घर त्यांच्या डोळ्यांदेखत जळून गेले. तीन कुत्री आणि एक मांजर त्या आगीत मेली.

देशभर संताप उसळला. अग्निशमन जवानांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही या वागण्याचा कडक निषेध केला. शहराचे महापौर मात्र नियमावर ठाम होते.

माणुसकीच्या बाजूने पाहिले, तर त्या नकाराचे समर्थन होऊच शकत नाही. पण शहराचा जमाखर्च समजून घेतल्याशिवाय हा नियम आला कुठून, ते कळत नाही. साउथ फुल्टनची वस्ती जेमतेम अडीच हजारांची. दलाचा खर्च या लोकांच्या करातून चालतो. भोवतालच्या शेतवाड्यांत राहणारे शहराला कर देत नाहीत आणि काउंटीचे स्वतःचे अग्निशमन दल नव्हते. म्हणून १९९०च्या सुमारास शहराने हद्दीबाहेरच्यांसाठी ऐच्छिक वर्गणी सुरू केली. आग लागल्यावर पैसे घेऊन बंब पाठवायचा म्हटले, तर आधी वर्गणी कोण भरणार?

अग्निशमनाच्या अर्थकारणातली खरी मेख इथेच आहे. आग विझवायला लागणारे पाणी आणि डिझेल हा खर्चाचा किरकोळ भाग. मोठा खर्च असतो तो सज्जतेचा: केंद्राची इमारत, गाड्या, होज, श्वसनयंत्रे, प्रशिक्षण आणि तिन्ही पाळ्यांतल्या माणसांचे पगार. वर्षात दहा वर्द्या येवोत की दोनशे, यातला बहुतेक खर्च तेवढाच राहतो. तो आग लागलेल्या दहा-वीस घरांकडून वसूल होऊ शकत नाही. सगळ्यांनी, आग लागण्यापूर्वीच, थोडाथोडा द्यावा लागतो.

ओबायन काउंटीला हे ठाऊक नव्हते असे नाही. २००८ मध्येच तिथल्या अग्निशमन दलांनी काउंटीच्या लोकप्रतिनिधींपुढे संपूर्ण काउंटीसाठी एकच व्यवस्था उभारण्याचा आराखडा मांडला होता. पैसे उभे करण्याचे तीन मार्ग त्यात होते: मालमत्ता करात थोडी वाढ, वीजबिलातून प्रत्येक मीटरमागे ठरावीक आकार, किंवा वर्गणी. पहिल्या दोन मार्गांत कोणी सुटत नाही, तिसऱ्यात सुटतो. कर वाढवण्याचे धैर्य झाले नाही आणि वर्गणी कायम राहिली. डिसेंबर २०११ मध्ये आणखी एक घर तसेच जळू दिले गेले. त्यानंतर २०१२ मध्ये शहराने धोरण बदलले. वर्गणी न भरणाऱ्यांकडेही बंब जाईल, पण नंतर ३,५०० डॉलरचे बिल येईल, असे ठरले.

ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलने वेगळी वाट धरली होती. १९५१ मध्ये शहर म्हणून नोंद झाली तेव्हा तिथे दोन हजारांच्या आसपास लोक होते. स्वतःचे दल परवडणारे नव्हते, म्हणून रुरल मेट्रो या खासगी कंपनीशी करार झाला आणि तो पाच दशके चालला. खर्च आटोक्यात ठेवणारा शहाणपणाचा निर्णयही याच शहराने घेतला: प्रत्येक नव्या घरात स्प्रिंकलर सक्तीचे करणारा १९८५चा नियम. पण करारातला धोका पुढे दिसलाच. २००३ मध्ये मतदारांनी शहराचे स्वतःचे दल उभारण्याचा प्रस्ताव फेटाळला आणि त्यानंतर कंपनीनेच बाहेर पडायचे ठरवले. १ जुलै २००५ पासून शहराला स्वतःचे दल चालवणे भाग पडले.

स्वतःचे दल असले म्हणजे प्रश्न संपतो असेही नाही. कॅलिफोर्नियातल्या वॅलेहोची वस्ती सव्वा लाखाच्या आसपासची. १९९६ मध्ये तिथली नौदलाची गोदी बंद पडली. पोलिस आणि अग्निशमन दलाचे पगार व निवृत्तिवेतन मिळून सर्वसाधारण निधीतला तीन चतुर्थांशाच्या आसपास पैसा खाऊ लागले. मे २००८ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. अग्निशमन केंद्रे बंद झाली, जवान कमी झाले आणि दिवाळखोरीच्या कज्ज्यात वकिलांवरच एक कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला. बाहेर पडताना शहराने लोकांकडे एक टक्का जादा विक्रीकर मागितला आणि २०११ मध्ये मतदारांनी तो निसटत्या बहुमताने मंजूर केला.

महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांना साउथ फुल्टनचा पेच ओळखीचा वाटेल. घटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत धरली आहे. प्रत्यक्षात तालुक्याच्या गावी असलेला एखाद-दुसरा बंब भोवतालच्या गावांतल्या गंजींना, उसाच्या फडांना, जिनिंगला लागलेल्या आगींकडेही धावतो. गावे नगरपरिषदेला कर देत नाहीत. हद्दीबाहेरच्या वर्दीचे शुल्क लावता येते, पण ज्याचा फड नुकताच जळाला त्याच्याकडून ते मागायचे कोणत्या तोंडाने? इथे नकार दिला जात नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्या धावपळीत शहर रिकामे राहते आणि तालुक्याचे अंतर कापेपर्यंत गंजीची राख झालेली असते.

केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आणली. बहुतेक राज्यांनी स्वतःचा २५ टक्के हिस्सा घालायचा आहे. अशा पैशातून गाड्या येतात. त्या चालवणाऱ्या माणसांचे पगार मात्र दर महिन्याला लागतात आणि तुटपुंज्या मालमत्ता करावर जगणारी नगरपरिषद ती पदे भरायला कचरते. म्हणून तालुका हे एकक धरून जिल्हा परिषद, ग्रामपंचायती, साखर कारखाने आणि औद्योगिक वसाहती यांनी नगरपरिषदेच्या दलाला दरवर्षी ठरावीक वाटा द्यावा, असा करार राज्याने घडवून आणायला हवा. त्या पैशातून पहिल्यांदा चालक आणि फायरमन यांची रिकामी पदे भरावीत आणि दुसरा बंब लांबच्या मोठ्या गावात उभा करावा.