पठारावर थंड हवेची झाडे

दख्खनच्या पठारावर थंड हवेची झाडे लावण्याचा उद्योग इंग्रजांच्या छावण्यांबरोबर वाढला. त्याची पहिली अनेक दशके फारशी वेधक नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात बी पेरायचे, जानेवारीत पॅन्सी, फ्लॉक्स, स्वीट पी फुलवायची आणि मार्चमध्ये रोपे उपटायची. हा व्यवहार निदान प्रामाणिक होता. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले जानेवारीतले पुष्पप्रदर्शन आजही त्याच हंगामावर चालते.

खरी गडबड २०१० नंतरच्या दहा वर्षांतली. गृहसंकुलांच्या जाहिरातींत हिरवळ आली आणि रोपवाटिकांत हायड्रेंजिया, लॅव्हेंडर, ट्यूलिपचे कंद. डिसेंबरात टवटवीत रोप विकायचे आणि मे महिन्यात ते गेले की गिऱ्हाइकाच्या पाणी घालण्याला नावे ठेवायची, ही रीत तेव्हाच रुळली. दोष पाण्याच्या मापाचा क्वचितच असे. हायड्रेंजियाला आम्लधर्मी माती लागते, म्हणून महाबळेश्वरच्या जांभ्या मातीत ती रमते. पठारावरच्या चुनखडीच्या काळ्या मातीत तिला लोह मिळत नाही. शिरा हिरव्या राहतात आणि पाने पिवळी पडतात. बोअरचे जड पाणी वाढवले की क्षारही वाढतात. ट्यूलिपच्या कंदाला १२ ते १६ आठवडे थंडी हवी असते. ती फ्रिजमध्ये देता येते, पण शेजारी सफरचंदे असली तर त्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. लॅव्हेंडरची तऱ्हा उलटी. भूमध्य सागराकाठचे हे झुडूप कोरडा उन्हाळा काढते आणि जुलैच्या पावसात मुळाशी कुजते. बदनाम मात्र ऊन होते.

हिरवळीचा हिशेब याहून कडू. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. क्रिकेटच्या मैदानांवर रान उठले. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांच्या हिरवळीचा विषय फारसा निघाला नाही. उन्हाळ्यात सुकून पहिल्या पावसाला पुन्हा उठणारी हरळी तण म्हणून खुरपली गेली. कोयनेलचे कुंपण, कोरांटी, गुलबक्षी, दारचा पारिजातक याच वर्षांत मागे पडले. कित्येक ठिकाणी अंगणच उरले नाही.

सध्या पाळी सफरचंदाची आहे. नेहमीच्या जातींना हिवाळ्यात सुमारे सात अंशांखाली हजारेक तास काढावे लागतात. इस्राएलची ‘अ‍ॅना’ आणि बहामा बेटांवरची ‘डॉर्सेट गोल्डन’ यांचे त्याहून फार थोड्या थंडीत भागते. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील हरिमन शर्मा यांनी पुढे आणलेली ‘एचआरएमएन-९९’ सखल, उष्ण भागातही फळते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि या जातीचे नाव सर्वतोमुखी झाले. प्रयोग खरा आहे. वाटेल तिथे, आपोआप फळ येते ही पुस्ती विक्रेत्यांची. थंडीची गरज घटली म्हणून पाण्याची घटत नाही. उबदार हिवाळ्यात पाने आपसूक गळली नाहीत, तर ती हाताने काढून झाडाला विश्रांती द्यावी लागते. ‘अ‍ॅना’ला चांगले फळ धरायचे तर जवळ ‘डॉर्सेट गोल्डन’सारखी त्याच सुमारास फुलणारी दुसरी जात हवी. गच्चीवरच्या एका कुंडीसाठी एकच रोप विकताना यातले काही सांगितले जात नाही.